दहाला एक

डिझेल गोठतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला ते पटत नाही. पाणी गोठेल, तूप गोठेल, डिझेल कसं गोठेल? पण वरच्या वस्त्यांवर एकदा थंडीनं दात रोवले की टाकीतलं डिझेल आधी गढूळ होतं, मग त्यात मेणाचे कण धरतात, ते फिल्टरमध्ये जाऊन बसतात आणि गाडी दोनदा खोकून गप्प होते. मग करा काय करायचं ते. शिव्या घाला, नाहीतर ढकला.

पूर्वी अशा सकाळी सगळी वस्ती म्हाताऱ्याच्या दारात यायची. म्हातारा उभा जन्म डिझेलच्या गाड्या चालवत आला होता आणि या रोगावर त्याच्याकडे एकच औषध होतं. दहा मापं डिझेल, त्यात एक माप पेट्रोल. तो आधी टाकीत काडी बुडवायचा, डिझेल बोटांवर चोळायचा, नाकाशी न्यायचा, आभाळाकडे बघायचा आणि जणू आजच नव्यानं ठरवतोय अशा आवाजात सांगायचा, "दहाला एक." दर वेळी तेच. पण लोकांचं त्या काडीशिवाय आणि त्या वासाशिवाय समाधान व्हायचं नाही. म्हाताऱ्याचं नावच 'दहाला एक' पडलं. कुणी तोंडावर म्हटलं तरी तो रागवायचा नाही, उलट मिशीत हसायचा.

मग त्याच्या मुलानं नवी पिकअप आणली. वरच्या वस्त्यांचं दूध गोळा करून खाली डेअरीत पोचवायची फेरी मुलाकडे होती आणि सगळं घर त्या फेरीवर उभं होतं. गोठ्यात दोन गाई होत्या, पण त्या म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. गाडी दाखवायला शहरातला फिटर आला होता. बॉनेट उघडून त्यानं आतला एक चकचकीत भाग दाखवला.

"हा हायप्रेशर पंप. हाच इंजिनाला डिझेल ढकलतो. याला वेगळं ऑइल नाही. डिझेलचा जो काही चिकटपणा असतो त्याच्यावरच हा फिरतो. तेव्हा हिला फक्त डिझेल पाजायचं. थंडीत थंडीचं, न गोठणारं डिझेल मिळतं पंपावर, ते भरा. बाकी काही नको."

"आणि थोडं पेट्रोल?" म्हातारा म्हणाला. "दहाला एक?"

"थेंब नको, आजोबा. पेट्रोल गेलं की चिकटपणा धुऊन निघतो. लोखंडावर लोखंड घासतं."

"मी गाड्या चालवत होतो तेव्हा तुझा बाप रांगत असेल."

"असेलही. पण हा पंप तेव्हा नव्हता."

मुलगा नव्या गाडीपायी उगाच फुगलेला होता. तो म्हणाला, "बाबा, तुमच्या गाड्या भंगारात गेल्या. आता त्यांचं औषध पण जाऊ द्या की तिकडेच."

फिटर हसला. सून चहा घेऊन दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं त्या दिवशी चहा घेतला नाही. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय. पण ज्याच्या औषधावर वस्तीनं इतके हिवाळे काढले त्याला चारचौघांत असं बोलायचं काही कारण नव्हतं. हे मुलाला कुणी सांगायचं?

तेव्हापासून म्हाताऱ्याकडे एकच काम उरलं. पहाटे गाडीच्या काचेवर बर्फाचा पापुद्रा धरायचा, तो पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायचा. तेवढ्यासाठी किल्ली त्याच्या हातात यायची, कारण आत बसून काचेवर गरम हवा सोडायची असायची. काम कसलं, म्हाताऱ्याला गुंतवून ठेवायची सोय होती.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि हटायचं नाव घेईना. अंगणातला नळ गोठला. सून विहिरीवरून पाणी आणायची, चुलीवर तापवायची, त्यात कॅन धुवायची. धातूचे कॅन. उघड्या हातानं कडी धरली तर कातडी चिकटायची, म्हणून हाताला फडकी गुंडाळायची, आणि ती फडकी ओली होऊन वाळायच्या आत पुन्हा ओली व्हायची. तिच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या, रात्री त्यात मेण भरून ती झोपायची. पहाटे गाई पिळायच्या, कॅन गाडीत चढवायचे, मग नवऱ्याबरोबर वस्तीवस्तीवर उतरून दूध मापून घ्यायचं. नवरा स्टिअरिंगवर, ही मागे कॅनांत. पाठ मोडून यायची. पण तक्रार करायला वेळ कुणाला होता?

तिचा थोरला भाऊ खाली फाट्यावरच्या पेट्रोल पंपावर डिझेल भरायला होता. बरीच वर्षं होता. नोकरी साधीच, पण दादा म्हणजे पंप आणि पंप म्हणजे दादा असं होऊन गेलं होतं. थंडीचं डिझेल टँकरनं येई आणि बघता बघता संपे, पण दादा बहिणीच्या गाडीपुरतं मागे राहील असं बघायचा. मालकाला विचारूनच. चोरीचं नव्हतं काही.

"दाजी, उद्या या, उद्या टँकर आहे," तो सांगायचा, किंवा, "आज भरू नका, कालचं साधंच आहे."

एका पहाटे मात्र गाडीनं दगा दिला. टँकर आला नव्हता, टाकीत साधं डिझेल होतं. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन काही पेटेना. नवऱ्यानं फिल्टरवर गरम पाण्याचे बोळे ठेवले, ते गार झाले, पुन्हा ठेवले. सून चुलीशी आणि गाडीशी अशा येरझाऱ्या घालत होती. म्हातारा बाजूला उभा होता, हातात तो पत्र्याचा तुकडा.

"एवढंसं घातलं असतं तर केव्हाच..." तो पुटपुटला.

"बाबा, तुम्ही आत जा," मुलगा म्हणाला.

"मी म्हणतो, निदान..."

"आत जा म्हटलं ना!"

म्हातारा आत गेला. शेवटी गाडी चालू झाली, पण डेअरीत पोचायला उशीर झाला. सुपरवायझर दुधाच्या टँकरच्या सावलीत घड्याळ बघत उभा होता. तो रागावला नाही, ते जास्त वाईट. म्हणाला, "खालच्या वस्तीचा टेम्पोवाला रोज विचारून जातो, फेरी मोकळी आहे का म्हणून. मी नाही म्हणतो. पण किती दिवस म्हणू?"

घरी परतताना फाट्यावर डिझेलचा टँकर आलेला दिसला, म्हणून त्यांनी दादाकडून टाकी भरून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी एका फटक्यात चालू झाली. तिसऱ्या दिवशीही. थंडी तशीच होती, उलट वाढली होती, आणि शेजारच्या गाड्या दारात मेल्यासारख्या पडल्या होत्या. टँकरचं नवं डिझेल दादानंच भरून दिलं होतं, त्यामुळे नवऱ्यानं त्याचं कौतुक केलं. तो सहसा सासरच्या माणसांचं कौतुक करत नसे.

"तुझ्या दादानं या वेळी माल फार चांगला दिला बघ," तो जेवताना म्हणाला.

म्हातारा खाली मान घालून जेवत होता. पण त्या दिवशी त्यानं पुन्हा वाढून घेतलं, आणि उठताना गुणगुणत उठला. सुनेला नवल वाटलं. बऱ्याच दिवसांत म्हाताऱ्याला असं पाहिलं नव्हतं. तिला बरंच वाटलं.

गाडी थांबली ती चढावर, सगळे कॅन भरल्यावर. आधी तिची ताकद गेली, मग कुरकुर सुरू झाली, आतून कुणी वाळू दळत असल्यासारखी, आणि मग ती उभीच राहिली. नवऱ्यानं जे येत होतं ते सगळं केलं. फिल्टर उघडला, फुंकला, बसवला. काही नाही. वारा असा होता की डोळ्यांतलं पाणी गालावर थिजत होतं. मागे कॅनांत दूध गोठायला लागलं, झाकणं वर उचलली गेली, त्यांच्या कडेनं दुधाचा पांढरा बर्फ बाहेर यायला लागला. सून झाकणं हातानं दाबत बसली. दाबून काय होणार होतं?

शेवटी आला तो खालच्या वस्तीचा टेम्पोवालाच. त्याचा टेम्पो जुना खटारा, पण चालत होता. त्यानं कॅन आपल्या गाडीत घेतले. एकही टोमणा मारला नाही. उलट सुनेला म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे बसा, आत हीटर आहे." तिला वाटलं, यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

सुपरवायझरनं आठवड्याची मुदत दिली. पुढच्या सोमवारी स्वतःची गाडी घेऊन या, नाहीतर फेरी टेम्पोवाल्याची.

गाडी ओढून शहरात नेली. फिटरनं हायप्रेशर पंप खोलला, बोट आत फिरवलं आणि नवऱ्यापुढे धरलं. बोटावर लोखंडाचा चुरा चमकत होता, बारीक, चांदीसारखा. मग त्यानं फिल्टरमधलं डिझेल वाटीत ओतलं आणि नाकाशी नेलं.

"पेट्रोल आहे यात."

"शक्यच नाही."

"तुम्हीच वास घ्या."

नवऱ्यानं वास घेतला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. फिटर म्हणाला की पंप गेलाच, पण चुरा पुढे इंजिनातही गेलाय, सगळं बदलावं लागेल. ते ऐकल्यावर या घराच्या ऐपतीचा प्रश्नच उरला नाही. नवरा तिथून तडक पेट्रोल पंपावर गेला. गॅरेजमध्ये बरोबर आलेली सून त्याच्यामागे धावली.

पंपावर रांग लागली होती. दादा एका गाडीत डिझेल भरत होता. नवऱ्यानं जाऊन त्याची कॉलर धरली.

"काय भरलंस माझ्या गाडीत?"

"दाजी, काय झालं? सोडा..."

"पेट्रोल भरलंस! घरची गाडी म्हणून विश्वासानं आलो आणि तू आमचा गळा कापलास!"

रांगेतली माणसं गाड्यांतून उतरली. कुणी मध्ये पडलं नाही, बघत होती सगळी. सून नवऱ्याचा हात ओढत म्हणत होती, "अहो, सोडा, लोक बघतायत." दादा नुसता मागे सरकत होता. हातातल्या नळीतून डिझेल त्याच्या बुटांवर गळत होतं.

मालक काचेच्या खोलीतून बाहेर आला. शांत माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रांगेकडे एकदा पाहिलं. आता पंपावर भेसळ होते ही बातमी रांगेबरोबर गावोगाव जाणार, हे कळायला त्याला फार विचार करावा लागला नाही. तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या टाकीत भेसळ नसते. माणसाच्या हातून नळी चुकली असेल. चूक आमच्या माणसाची, तेव्हा गाडी आम्ही नीट करून देऊ. सोमवारच्या आत." मग तितक्याच मोठ्यानं दादाला म्हणाला, "तू उद्यापासून येऊ नकोस."

"मालक, मी नळी नाही चुकलो," दादा म्हणाला. "इतक्या वर्षांत..."

"मग पेट्रोल काय आभाळातून पडलं?"

लोक हसले. दादानं पंपाची टोपी काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून उभा राहिला.

आपलेच दात नि आपलेच ओठ. सून घरी येऊन कामाला लागली. गाडी नव्हती, फेरी नव्हती, म्हणून तिसऱ्या दिवशी तुंबलेले कपडे काढले. म्हाताऱ्याचा स्वेटर पाण्यात बुडवायला घेतला आणि तिचा हात थांबला. उजव्या बाहीला पेट्रोलचा वास होता. जुना नव्हे, ताजा. घरात पेट्रोलचा डबा एकच, गवत कापायच्या मशीनचा. आणि या बर्फात गवत कसलं कापायचं?

ती शेडमध्ये गेली. डबा हलवून पाहिला. रिकामा. मागे पावलं वाजली. म्हातारा दारात उभा होता.

"बाबा, तुम्ही घातलंत?"

तो तिच्या हातातल्या डब्याकडे बघत राहिला.

"बाबा, मी विचारतेय. गाडीत पेट्रोल तुम्ही घातलंत का?"

"दहाला एकच घातलं," म्हातारा म्हणाला. "जास्त नाही. मापून घातलं, काडी बुडवून. चालू होत होती ना? तूच सांग, एका फटक्यात चालू होत होती की नाही?"

"फिटरनं सांगितलं होतं तुम्हाला. थेंब नको म्हणून."

"तो सांगेल. त्याला थंडी काय माहीत. तुम्ही दोघं त्या दिवशी बोळे घेऊन पळत होतात, मला बघवलं नाही." मग त्याचा आवाज उतरला. "तुझा नवरा म्हणाला, तुझ्या दादानं माल चांगला दिला. मी म्हटलं, राहू दे, दादाचं नाव तर दादाचं. आपलं पोर वेळेवर पोचतंय ना."

तो रडत होता. सुनेला त्याची दया आली आणि त्याच क्षणी त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटलं. ती म्हणाली, "माझ्या भावाची नोकरी गेली, बाबा."

"मी सांगतो पोराला. मी स्वतः सांगतो."

आणि त्यानं सांगितलं, ते खरं. संध्याकाळी मुलगा जेवायला बसला तेव्हा म्हातारा ताटापुढे न बसता उभा राहिला आणि सगळं बोलून गेला. काडी, माप, पहाट, किल्ली. काही लपवलं नाही. मुलाचा घास हातात राहिला. सुनेला वाटलं, आता हा ताट भिरकावणार. पण त्यानं तो घास तोंडात घातला, चावला, गिळला.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता यातलं एक अक्षर या घराबाहेर जायचं नाही."

"अहो, आणि दादा?" सून म्हणाली.

"मालकाच्या माणसांनी सामान मागवलंय. परवा बसतंय. आज जाऊन सांगितलं की आमच्या बापानं घातलं, तर ते सामान आल्या पावली परत जाईल. सोमवारी काय खांद्यावर कॅन घेऊन जाऊ?"

"त्यानं काही केलेलं नसताना त्याला लोक चोर म्हणतायत."

"चोर नाही म्हणत. चुकला म्हणतात. माणूस चुकतो. त्याला दुसरीकडे काम मिळेल, धडधाकट आहे. आपल्याला दुसरी गाडी कोण देणार आहे? तुझा दादा देणार आहे?"

तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, की हा तरी काही बोलेल. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र उतरला होता. मुलगा ओरडला नव्हता, भंगार म्हणाला नव्हता. तो हळूच ताटाशी बसला.

दुसऱ्या दिवशी सून पाणी घेऊन येत होती, तेव्हा म्हातारा कुंपणाशी उभा राहून शेजाऱ्याशी बोलत होता. "पंपावर हल्ली कसली माणसं ठेवतात," तो सांगत होता. "नळी नळीतला फरक कळत नाही. आमच्या वेळी असं नव्हतं." तिनं ऐकलं आणि घागरीतलं पाणी पायावर हिंदकळलं. पाणी बर्फासारखं होतं. ती घागर तिथेच ठेवून, चुलीवरचं तसंच सोडून, दादाच्या घराकडे चालायला लागली. आता सांगायचंच. गाडी जाऊ दे, फेरी जाऊ दे, कॅन आणि ती दुधाची मापं सगळी आगीत जाऊ दे. तिच्या पायांत इतका जोर होता की फाट्यापर्यंत कधी पोचली ते तिला कळलं नाही.

दादाच्या घरात खोली एकच. खिडकीला कागद डकवलेला. वहिनी जमिनीवर बसून कुणाचे तरी कपडे शिवत होती, तिनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. दादा खाटेवर बसला होता. दाढी वाढली होती. कामावर जायचं नसलेल्या माणसाचे हात कसे नकोसे होतात, तसे मांडीवर पडले होते. डिझेलनं काळवंडलेल्या त्याच्या भेगा मात्र तशाच होत्या.

"दादा, मी एक सांगायला आलेय," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"आधी माझं ऐक."

"नाही दादा, आधी तू..."

"मला बोलू दे गं," तो म्हणाला. "बोललो नाही तर वेड लागेल. मी तेव्हा नाही नाही म्हणत होतो. खोटं नव्हतो बोलत, खरंच आठवत नव्हतं. पण मग रोज बसून आठवत राहिलो. त्या दिवशी धुकं होतं. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी. हात बधिर झालेले, बोटांना काय धरलंय ते कळत नव्हतं. आता मला दिसतं सगळं. मी डावीकडची उचलायला गेलो आणि उजवीकडची हातात आली. तुमच्याच गाडीला. स्पष्ट दिसतं."

"दादा, तसं नसेल."

"नसेल कसं? पेट्रोल काय आभाळातून पडलं?" मालकाचे शब्द तो आपले असल्यासारखे बोलला. "मी जाऊन मालकाला तसं सांगूनही आलो. म्हटलं, चूक माझीच. त्यांना बरं वाटलं. म्हणाले, निदान कबूल केलंस."

वहिनी शिवता शिवता म्हणाली, "झोपेतही तेच चाललेलं असतं. डावी, उजवी, डावी, उजवी."

सून तिथेच उंबऱ्याशी खाली बसली. वाटेभर घोकलेले शब्द तोंडात तयार होते. एक वाक्य बोलायचं होतं, त्याला काही ताकद लागत नव्हती. पण ते वाक्य बोललं की दादा तडक मालकाकडे जाणार, आणि मालक गॅरेजला फोन करणार, आणि उद्या बसणारं सामान उद्या बसणार नाही. सोमवार डोळ्यांपुढे आला. हीटरवाला टेम्पो आला. ताई, तुम्ही पुढे बसा.

"तुझा संसार मी रस्त्यावर आणत होतो," दादा म्हणाला. "दाजींनी कॉलर धरली ती बरोबरच धरली. मी असतो तर मीही धरली असती. फक्त तू मनात काही ठेवू नकोस. तू माफ केलंस की माझं झालं."

खोलीत फक्त सुईचा दोरा ओढल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. वहिनी बघत होती.

"असू दे, दादा," ती म्हणाली. "थंडीत होतं असं."

"खरंच म्हणतेस?"

"खरंच."

दादानं मोठा श्वास सोडला. वहिनी पहिल्यांदाच उठली, चहाचं आधण ठेवलं, तिला बसायला आसन दिलं. चहा झाला. दादा मधेच एकदा हसलाही. म्हणाला, आज झोप लागेल.

ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत आला. थोरला भाऊ, ज्यानं तिला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. त्यानं धाकट्या बहिणीपुढे हात जोडले, आणि तिनं ते जोडू दिले.